आत्ता कुठे आहे, तेव्हा कोण कुठे होतं: रुग्णालयात वायरलेस ट्रॅकिंग कसं उभारावं

रुग्णालयात ट्रॅकिंगची मागणी साधारण दोन बाजूंनी येते. बायोमेडिकल विभागाची तक्रार असते की सिरिंज पंप सापडत नाहीत, व्हीलचेअर वॉर्ड सोडून भलतीकडेच निघतात आणि सर्व्हिसिंगची तारीख उलटलेलं मशीन नेमकं कुणाच्या कपाटामागे आहे ते कुणालाच माहीत नसतं. संसर्ग नियंत्रण विभागाचा प्रश्न वेगळा असतो: सात नंबरच्या बेडवरच्या रुग्णाचा रिपोर्ट आज आलाय, तर गेल्या चार दिवसांत त्याच्या आसपास कोण कोण होतं? एकाला ‘आत्ता कुठे आहे’ हे हवं असतं, तर दुसऱ्याला ‘तेव्हा कोण कुठे होतं’ हे.

दोन्हींसाठी लागणारं सामान बरंचसं एकच असतं. पण पंप शोधताना यंत्रणा पाच मीटर चुकली तरी सिस्टर मान वळवते आणि पंप दिसतो. उरलेलं काम डोळे करतात. चार दिवसांपूर्वीच्या संपर्काच्या बाबतीत अशी सोय नाही. तेव्हा नोंद चुकली असेल तर ती चुकलीच. म्हणून माझा आग्रह असतो की यंत्रणा दुसऱ्या प्रश्नासाठी आखावी. पहिला प्रश्न त्यात जवळपास फुकटात सुटतो. नुसत्या पंपांसाठी यंत्रणा घेतली, तर संसर्ग नियंत्रणवाले आपली गरज घेऊन येतात तेव्हा टॅग (वस्तूवर किंवा माणसाच्या अंगावर लावायचे, संकेत देणारे छोटे बिल्ले) अपुरे पडतात, रीडर (ते संकेत टिपणारी यंत्रं) चुकीच्या जागी निघतात आणि जुन्या नोंदी तर कुणी ठेवलेल्याच नसतात.

पायरी १: ‘संपर्क’ म्हणजे काय ते आजारानुसार ठरवा

कोणत्याही कंपनीला फोन करण्याआधी हे काम संसर्ग नियंत्रण अधिकाऱ्याबरोबर बसून करायचं. एक कागद पुरतो, पण तो कागद नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

पहिला प्रकार म्हणजे माणसाचा माणसाशी जवळून, एकाच वेळी आलेला संबंध. थुंकीच्या थेंबांतून पसरणारे आजार यात येतात. इथे अंतर आणि वेळ दोन्ही लागतात. कोविडच्या काळात अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २४ तासांत एकूण १५ मिनिटं, ६ फुटांच्या आत अशी व्याख्या केली होती. ती सर्वसामान्य लोकांसाठी होती. तोंडात नळी घालताना किंवा कफ ओढून काढताना १५ मिनिटांची वाट कुणी पाहत नाही.

दुसरा प्रकार माणसाचा खोलीशी, आणि तोही मागाहून. गोवर हे याचं ठळक उदाहरण. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत संसर्गक्षम राहू शकतो. म्हणजे ज्यांनी एकमेकांना पाहिलंही नाही, त्यांच्यातही संपर्क होतो. दोन टॅग एकमेकांच्या जवळ आले की नोंद करणारी यंत्रणा इथे चक्क शून्य दाखवेल.

तिसरा प्रकार माणूस, वस्तू आणि पुन्हा माणूस असा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्महिने टिकतात आणि साध्या अल्कोहोल हँडरबने ते मरत नाहीत. एका बेडवरचा पंप, बीपीचा पट्टा, कमोड चेअर नीट साफ न होता दुसऱ्या बेडवर गेली, की साखळी तयार झाली. उपकरणांचा माग आणि रुग्णांच्या संपर्काचा माग एकाच डेटाबेसमध्ये ठेवायचा तो याचसाठी. दोन कंपन्यांच्या दोन वेगळ्या यंत्रणा घेतल्या की हा तिसरा प्रकार कायमचा हातातून जातो.

पायरी २: मीटर मोजू नका, भिंती मोजा

कंपनीच्या माहितीपत्रकावर ‘अचूकता १ मीटर’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्या आकड्याला भुलू नका. दोन खोल्यांमधली भिंत जेमतेम १५ सेंटिमीटरची असते. अर्ध्या मीटरने चुकलेल्या यंत्रणेने रुग्णाला भिंतीपलीकडे दाखवलं, तर ती चूक खोलीच्या आत चार मीटरने चुकण्यापेक्षा कितीतरी मोठी. भिंतीच्या अलीकडे क्षयरोगाचा रुग्ण आणि पलीकडे केमोथेरपी घेणारा असेल, तर त्या अर्ध्या मीटरवर दहा जणांच्या तपासण्या अवलंबून असतात.

म्हणून प्रत्येक जागेसाठी हवी ती पातळी वेगळी लिहा. स्टोअरला, लिफ्टला, बाहेरच्या दाराला ‘इथून गेलं’ एवढं कळलं तरी चालतं. स्वतंत्र खोल्यांना खोली बिनचूक कळली पाहिजे. अनेक बेडच्या सामायिक वॉर्डात आणि आयसीयूत बेड कळला पाहिजे. बेडच्या पातळीची यंत्रणा सगळ्या इमारतीत लावायचा मोह टाळा. खर्च तिथेच फुगतो आणि उपयोग चार जागांपुरता होतो.

पायरी ३: तंत्र निवडा

बिनबॅटरीचा आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख सांगणारा टॅग, रीडरच्या लहरींमधूनच वीज घेतो. तो स्वस्त, पातळ, कपड्यात शिवता येण्यासारखा असतो. चादरी, ऑपरेशनच्या हत्यारांचे ट्रे, औषधांचे खोके यांना तो उत्तम. पण तो रीडरसमोरून गेला तरच बोलतो, त्यामुळे त्याच्याकडून फक्त दारातून ये-जा कळते. माणसांच्या संपर्कासाठी तो कामाचा नाही.

वायफायवर चालणारे टॅग जुने झाले. बॅटरी लवकर संपते आणि जागा काही मीटरच्या घोळात सापडते. फक्त मोठी उपकरणं शोधायची असतील तर ठीक.

इन्फ्रारेड आणि अल्ट्रासाउंड ही दोन जुनी तंत्रं लोक विसरतात. ती विसरू नयेत, कारण दोन्ही भिंतीतून जात नाहीत. पायरी २ मधली अडचण त्यांना मुळातच नसते. इन्फ्रारेडला मात्र समोर मोकळी जागा लागते. टॅगवर चादर आली किंवा खिडकीतून थेट ऊन आलं की ते गडबडतं. काही टॅगमध्ये रेडिओ आणि इन्फ्रारेड दोन्ही असतात: रेडिओ ‘मी आहे’ सांगतो, इन्फ्रारेड ‘या खोलीत आहे’ सांगतो. आयसोलेशन खोल्यांसाठी हे जोडतंत्र मला आजही आवडतं.

यूडब्ल्यूबी, म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड, लहरीला पोचायला किती वेळ लागला ते मोजतं. प्रकाशाच्या वेगाने एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर अंतर कापलं जातं, आणि हे तंत्र तेवढ्या बारकाईने घड्याळ पाहतं. चांगल्या मांडणीत १० ते ३० सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतं. बेडची पातळी हवी तिथे हेच घ्या. पण छतावर जास्त अँकर, म्हणजे स्थिर रिसीव्हर, लागतात, प्रत्येकाला वायर लागते आणि टॅगही महाग पडतात.

उरलं बीएलई, म्हणजे कमी वीज खाणारं ब्लूटूथ. बहुतेक ठिकाणी शेवटी हेच घेतलं जातं. टॅग स्वस्त, बॅटरी दीर्घकाळ चालणारी आणि अनेक वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये बीएलई रिसीव्हर आधीच असतो. विक्रेता नेमकं हेच सांगून ‘नवीन काही बसवायलाच नको’ म्हणतो. इथे सावध व्हा. वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट बऱ्याचदा कॉरिडॉरमध्ये असतात. समोरासमोरच्या दोन खोल्यांतले टॅग कॉरिडॉरमधल्या रिसीव्हरला अगदी सारखेच ऐकू येतात. खोली ओळखायची तर रिसीव्हर किंवा बीकन (खोलीची ओळख प्रसारित करणारं छोटं यंत्र) खोलीच्या आतच हवा.

बीएलईची दुसरी अडचण म्हणजे अंतर सिग्नलच्या ताकदीवरून काढलं जातं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो. पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषतं आणि माणसाचं शरीर बहुतांश पाणीच असतं. मध्ये एक धड आलं की १० ते २० डेसिबल सहज कमी होतात. १२ डेसिबल घटले तर दीड मीटरवरचा टॅग यंत्रणेला सहा मीटरवर वाटतो. सिस्टरने रुग्णाकडे पाठ केली एवढ्यानेही हे होतं. ब्लूटूथ ५.१ या २०१९ च्या आवृत्तीपासून सिग्नल कोणत्या दिशेने आला तेही मोजता येतं. त्यासाठीचे अनेक अँटेनांचे रिसीव्हर घेतले तर बरीच सुधारणा होते, पण नुसत्या ताकदीवर अंतर सांगणाऱ्या यंत्रणेचा मीटरचा आकडा कधीच अक्षरशः घेऊ नका.

हा दोष वापरूनही घेता येतो. फ्रान्समधल्या लिऑनच्या एका रुग्णालयात डिसेंबर २०१० मध्ये वृद्धांच्या वॉर्डात ४६ कर्मचारी आणि २९ रुग्ण यांच्या छातीवर अतिशय कमी शक्तीचे टॅग लावले होते. शरीर लहर अडवतं, म्हणून दोन माणसं समोरासमोर, साधारण एक-दीड मीटरवर आली तरच टॅग एकमेकांना ऐकत. पाठ फिरली की नोंद थांबे. दर २० सेकंदांनी नोंद होत होती. चार दिवसांत १४,०३७ संपर्क नोंदले गेले आणि रुग्णांशी आलेल्या एकूण संपर्कांपैकी ४२ टक्के फक्त सहा कर्मचाऱ्यांच्या वाट्याला होते. लस, मास्क आणि प्रशिक्षण आधी कुणाला द्यायचं, हे अशा आकड्यातून लगेच कळतं.

मोबाइल फोनवर हे सगळं का करू नये, असा प्रश्न हमखास येतो. अ‍ॅपल आणि गुगलने २०२० मध्ये फोनवरची संपर्क-सूचना यंत्रणा आणली, पण ती जागेची नोंद मुद्दामच ठेवत नव्हती. आयसीयूतल्या रुग्णाकडे फोन नसतो, आणि सर्जनचा फोन लॉकरमध्ये असतो. रुग्णालयात टॅगच हवा.

पायरी ४: जागेची पाहणी, रिकाम्या नव्हे तर भरलेल्या वॉर्डात

नकाशा घेऊन प्रत्येक मजला चालून काढा. एक्स-रे आणि सीटीच्या खोल्यांच्या भिंतींत शिसं असतं, एमआरआयची खोली तर रेडिओलहरी अडवण्यासाठीच धातूने मढवलेली असते. त्या खोल्यांच्या आत काय चाललंय ते बाहेरच्या रिसीव्हरला कळणार नाही. तिथे दारावरच ‘आत गेला, बाहेर आला’ अशी नोंद ठेवा. लिफ्टचंही तेच. स्टीलची कपाटं, औषधांचे फ्रिज आणि पाण्याच्या टाक्या कुठे आहेत तेही नकाशावर टिपा.

मग भिंतीची चाचणी करा. ही चाचणी सोपी आहे आणि बहुतेक विक्रेते ती स्वतःहून करत नाहीत. शेजारशेजारच्या दोन खोल्या घ्या. मधल्या भिंतीला लागून, एका बाजूला बेडच्या उशाशी, एक टॅग ठेवा. दहा मिनिटं थांबा आणि यंत्रणा प्रत्येक नोंदीत कोणती खोली सांगते ते लिहून घ्या. आता तोच टॅग भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, त्याच उंचीवर ठेवा. पुन्हा दहा मिनिटं. मग टॅग अंगावर घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसा, नंतर पाठ करून बसा. शेवटी हेच सगळं खोलीचं दार उघडं ठेवून करा, कारण वॉर्डातली दारं दिवसभर उघडीच असतात. टॅग हलला नसताना खोली बदलल्याची नोंद किती वेळा आली, तोच तुमचा खरा आकडा. तो वाईट आला तर रिसीव्हर सामायिक भिंतीपासून दूर, समोरच्या भिंतीवर न्या, त्याची ऐकण्याची क्षमता कमी करा किंवा त्या खोल्यांना इन्फ्रारेड जोडा.

पाहणी सकाळी राउंडच्या गर्दीत एकदा आणि रात्री एकदा अशी दोनदा करा. रिकाम्या हॉलमध्ये दाखवलेलं प्रात्यक्षिक हे प्रात्यक्षिकच नव्हे. वायफायवाल्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. बीएलई आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. बीएलई टॅग ज्या तीन चॅनेलवर हाक देतात ते वायफायच्या १, ६ आणि ११ या नेहमीच्या चॅनेलच्या फटींत बसवलेले आहेत. कुणीतरी वायफाय मधल्याच चॅनेलवर हलवलं की ही सोय मोडते.

पायरी ५: टॅग, बॅटरी आणि यंत्रांची सुरक्षितता

उपकरणांवरचा टॅग अल्कोहोल आणि हायपोक्लोराइट दोन्हींनी रोज पुसला जाणार, हे धरून चाला. साध्या गोंदाने चिकटवलेला टॅग थोड्याच दिवसांत कोपऱ्यातून उचलला जातो आणि त्या फटीत घाण साचते. मग संसर्ग शोधायला लावलेली वस्तूच संसर्गाचं घर होते. आवरण पूर्ण बंद, कडा गोलाकार, आणि जागा अशी की मशीनचे हवेचे झरोके, अनुक्रमांक किंवा बॅटरीचं झाकण झाकलं जाणार नाही. धातूच्या पृष्ठभागावर थेट लावला तर सिग्नल मरतो. मध्ये अंतर ठेवणारा खास टॅग घ्या.

रुग्णाच्या मनगटावरचा टॅग एकदाच वापरायचा की धुऊन पुन्हा, ते आधी ठरवा. पुन्हा वापरायचा असेल तर पट्टा बदलता येणारा असावा. नवजात बाळांसाठी आणि नाजूक त्वचेच्या वृद्धांसाठी वेगळे, मऊ पट्टे ठेवा. एमआरआयला जाण्याआधी टॅग काढायचा, हे एमआरआयच्या तपासणी यादीत छापूनच घ्या. बॅटरी असलेली वस्तू त्या चुंबकाजवळ जाता कामा नये.

बॅटरीचा हिशेब स्वतः करा. सीआर २०३२ या नाण्यासारख्या सेलची क्षमता सुमारे २२० मिलीअँपिअर-तास असते. टॅग सरासरी १५ मायक्रोअँपिअर खात असेल तर कागदावर साधारण १४,६०० तास, म्हणजे सुमारे २० महिने मिळतात. टॅग दुप्पट वेळा हाक देऊ लागला की आयुष्य अर्ध्याच्या आसपास येतं. वीज वाचवण्यासाठी बरेच टॅग ‘हलत असेल तरच बोल’ अशा पद्धतीने चालतात. पंपासाठी हे छान. पण झोपलेला रुग्ण हलत नाही! रात्री तीन वाजता त्याचा टॅग गप्प, आणि त्याला तपासून गेलेल्या डॉक्टरची संपर्कनोंद गायब. माणसांच्या टॅगना स्थिर असतानाही ठरावीक काळाने हाक द्यायला लावा आणि दोन हाकांमधल्या वेळेत ‘शेवटची माहीत असलेली खोली’ धरा.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. जामा या वैद्यकीय नियतकालिकात जून २००८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी आयसीयूतली ४१ उपकरणं आरएफआयडीच्या सान्निध्यात १२३ वेळा तपासली. ३४ वेळा उपकरणांत बिघाड झाला, त्यांतले २२ धोकादायक होते. सर्वाधिक त्रास ८६८ मेगाहर्ट्झच्या, बिनबॅटरीचे टॅग वाचणाऱ्या रीडरने दिला. कारण उघड आहे: टॅगला वीज पुरवायची म्हणून तो रीडर जोरात प्रसारण करतो. युरोपात अशा रीडरला २ वॅटपर्यंत मुभा आहे. बीएलई टॅग साधारण १ मिलीवॅटवर चालतो. त्यामुळे बीएलईची भीती धरू नये, पण असा यूएचएफ (८६८ मेगाहर्ट्झसारख्या वारंवारतेचा) रीडर आयसीयूतल्या बेडजवळ लावू नये. वैद्यकीय उपकरणांच्या विद्युतचुंबकीय सुसंगतीचं, म्हणजे एकमेकांच्या लहरींनी न बिघडण्याचं, मानक आयईसी ६०६०१-१-२ हे आहे. विक्रेत्याकडून त्यासंबंधीची कागदपत्रं मागा, आणि तुमच्याच व्हेंटिलेटर, पंप व मॉनिटरजवळ टॅग आणि रीडर लावून बायोमेडिकल विभागाकडून चाचणी करून घ्या. त्यावेळी रुग्ण जोडलेला नको, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ६: टॅग कुणाचा, ही गाठ पक्की बांधा

टॅगचा क्रमांक आणि माणूस यांची जोडी चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही निष्कर्ष उलटा येतो. रुग्ण दाखल होताना, बेड बदलताना आणि डिस्चार्ज घेताना रुग्णालयाची मुख्य यंत्रणा एचएल७ या रुग्णालयीन माहितीच्या प्रमाण पद्धतीचे संदेश पाठवते. ए०१ दाखल झाल्याचा, ए०२ हलवल्याचा, ए०३ डिस्चार्जचा. ट्रॅकिंग या संदेशांना जोडा. ए०३ आला की टॅगची जोडी आपोआप तुटली पाहिजे. ती हाताने तोडण्यावर सोडली, तर कालच्या रुग्णाच्या नावावर आजचा रुग्ण फिरताना दिसेल.

एक गोष्ट सगळे विसरतात: घड्याळ. प्रत्येक गेटवे (रिसीव्हरच्या नोंदी सर्व्हरकडे पोचवणारं यंत्र), सर्व्हर आणि रुग्णालयाची मुख्य यंत्रणा एकाच एनटीपी सर्व्हरवरून, म्हणजे घड्याळं जुळवणाऱ्या सर्व्हरवरून, वेळ घेते ना ते तपासा. दोन गेटवेंमध्ये तीन मिनिटांचा फरक असेल तर एकजण खोलीतून निघून गेल्यावर आलेला दुसरा त्याच्याबरोबर होता असं दिसेल.

आणि ज्यांच्याकडे टॅग नाहीत त्यांचं काय? नातेवाईक, ओपीडीचे रुग्ण, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बाहेरून आलेले कंत्राटी सफाई कामगार. यंत्रणेला ही माणसं दिसतच नाहीत. भेटीच्या पासमध्ये टॅग घाला, ओपीडीच्या नोंदणीची वेळ जोडा, कंत्राटदाराच्या माणसांनाही कायम कर्मचाऱ्यांसारखेच टॅग असलेले बॅज द्या. वॉर्डात सर्वाधिक फिरणारी माणसं सफाईची असतात, आणि यादीतून नेमकी तीच गळतात.

पायरी ७: नोंदींमधून संपर्क काढा

कच्च्या नोंदी म्हणजे ‘अमुक टॅग, अमुक रिसीव्हर, अमुक ताकद, अमुक वेळ’ अशा लाखो ओळी. त्यांतून संपर्क काढताना तीन नियम लागतात. एक, किती नोंदी सलग आल्या तर खोलीत आहे असं धरायचं. दाराजवळून गेलेला माणूस खोलीत मोजू नये. दोन, नोंद किती वेळ तुटली तर संपर्क संपला असं धरायचं. सिस्टर वळली म्हणून दहा मिनिटांच्या एका भेटीचे सहा तुकडे होऊ नयेत. तीन, दिवसभरातले तुकडे जोडून एकूण वेळ किती.

गोवराचं उदाहरण घेऊ. समजा, पुरळ उठलेलं मूल १०:१० ते १०:५० प्रतीक्षाकक्षात होतं, १०:५० ते ११:०५ तपासणीच्या खोली क्रमांक ३ मध्ये, मग ११:१५ ते ११:२५ एक्स-रेला. प्रतीक्षाकक्षासाठी धोक्याची खिडकी, म्हणजे मूल तिथे असलेला काळ आणि त्यापुढचे दोन तास, १०:१० ला उघडते आणि १२:५० ला बंद होते. खोली ३ साठी १०:५० ते १:०५, एक्स-रेसाठी ११:१५ ते १:२५. आता या प्रत्येक खिडकीत त्या खोलीत पाऊल टाकलेला प्रत्येक टॅग काढा. १२:३० ला प्रतीक्षाकक्षात आलेली गरोदर बाई या यादीत आलीच पाहिजे, जरी मूल तोपर्यंत घरी पोचलेलं असलं. मधल्या कॉरिडॉरचाही विचार करा. एकाच एअर हँडलिंग युनिटवर (हवा खेळवणाऱ्या यंत्रावर) असलेल्या, हवा पुन्हा फिरवणाऱ्या खोल्यांना डेटाबेसमध्ये ‘हवेने जोडलेल्या’ अशी खूण असावी. सीडीसीच्या तक्त्याप्रमाणे तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटं लागतात, तासाला ६ वेळा असेल तर ४६. म्हणून खिडकी किती मिनिटांची हा आकडा प्रत्येक खोलीसाठी बदलता येण्याजोगा ठेवा, पण तो बदलण्याचा अधिकार संसर्ग नियंत्रण अधिकाऱ्याचाच.

उपकरणांची साखळीही अशीच काढायची: पंप कोणत्या बेडवर किती वाजेपर्यंत होता, नंतर कुठे गेला, मध्ये साफ झाला का? ‘सफाईच्या खोलीत २० मिनिटं होता म्हणजे साफ झाला’ असं धरू नका. तो तिथे नुसता पडूनही असतो. सफाई झाल्यावर टॅगवरचं बटण दाबणं किंवा कोड स्कॅन करणं अशी वेगळी खूण ठेवा आणि ती खूण नसलेला पंप डॅशबोर्डवर ‘उपलब्ध’ म्हणून दाखवू नका.

खोट्या संपर्कांची एक खाण म्हणजे बॅज टांगायचा बोर्ड. ड्यूटी संपली की सगळे बॅज एकाच बोर्डावर रात्रभर शेजारी शेजारी लटकतात आणि सकाळी यंत्रणा सांगते की पंधरा जण आठ तास एकमेकांना चिकटून होते. चेंजिंग रूममधला बोर्ड, लॉकर आणि चार्जिंगची जागा हिशेबातून वगळा. बॅजमधला हालचालीचा सेन्सर तासभर शांत असेल तर ‘अंगावर नाही’ अशी खूण करा. झोपलेल्या रुग्णाला हा नियम लागू करू नका, एवढं सांभाळा.

अशा नोंदींतून खरोखर काही कळतं का? फ्रान्समध्येच बेर्क-स्युर-मेर इथल्या रुग्णालयात २००९ मध्ये काही महिने रुग्ण आणि कर्मचाऱ्यांनी सेन्सर बाळगले आणि दर आठवड्याला नाकातले नमुने तपासले गेले. नव्याने स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आढळलेल्या माणसापासून तोच प्रकार असलेल्या माणसापर्यंतची संपर्काची साखळी, निव्वळ योगायोगाने असेल त्यापेक्षा आखूड निघाली. म्हणजे सेन्सरच्या जाळ्यात जीवाणूचा माग होता. अर्थात, टॅग स्पर्श पाहत नाही, हातमोजे पाहत नाही, मास्कही पाहत नाही. यादी ही चौकशीची सुरुवात, निदान नव्हे. यादीतल्या प्रत्येकाला फोन करून विचारावंच लागतं.

पायरी ८: कर्मचाऱ्यांशी आधी बोला, मग टॅग वाटा

तांत्रिकदृष्ट्या उत्तम यंत्रणा बॅज ड्रॉवरमध्ये राहिल्यामुळे मरते. आणि बॅज ड्रॉवरमध्ये राहतो तो एकाच कारणाने: कुणाच्या तरी चहाच्या वेळेचा हिशेब त्या बॅजवरून एकदा काढलेला असतो. हजेरी, शिस्त आणि कामाचं मूल्यमापन यासाठी हा डेटा वापरला जाणार नाही, हे लेखी द्या आणि व्यवस्थापनाला ते पाळायला लावा. शौचालय, विश्रांतीच्या खोल्या आणि कर्मचारी संघटनेच्या कार्यालयात रिसीव्हर लावू नका.

डेटाबेसमध्ये टॅगचा क्रमांक एका जागी आणि नाव दुसऱ्या जागी ठेवा. जोडी उघडण्याचा अधिकार मोजक्या लोकांना असावा आणि कुणी, कधी, कशासाठी उघडली याची आपोआप नोंद व्हावी. उपकरणं शोधणाऱ्या पडद्यावर माणसं दिसताच कामा नयेत. बीएलई टॅग कायम एकच ओळख ओरडत असेल तर रस्त्यावरचा कुठलाही फोन ती ऐकू शकतो, म्हणून ठरावीक वेळाने ओळख बदलणारे टॅगच घ्या.

किती दिवस साठवायचं? गोवरात संसर्गापासून पुरळ येईपर्यंत ७ ते २१ दिवस लागतात. निदानाचा वेळ धरून त्यापेक्षा थोडं जास्त हवं. क्षयरोगाचं निदान मात्र कित्येकदा महिन्यांनी होतं. म्हणून सेकंदासेकंदाच्या कच्च्या नोंदी काही आठवड्यांत पुसून टाका आणि ‘कोणती खोली, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत’ एवढा सारांश जास्त काळ ठेवा. नेमकी मुदत तुमच्याकडच्या कायद्याच्या सल्ल्याने.

पायरी ९: एका वॉर्डात सुरुवात, आणि रोजची निगा

पहिला वॉर्ड निवडताना अवघड निवडा: सामायिक बेड, जास्त वर्दळ, थोड्या आयसोलेशन खोल्या. तिथे दोन माणसांना टॅग देऊन लिहून दिलेल्या मार्गावर फिरवा. तिसऱ्याने हातात घड्याळ घेऊन खरी वेळ टिपायची. नंतर यंत्रणेची यादी आणि कागद शेजारी ठेवा. सुटलेले संपर्क आणि खोटे संपर्क वेगळे मोजा. गोवरासारख्या आजारात सुटलेला संपर्क जास्त महाग पडतो, त्यामुळे थोडे खोटे चालवून घ्या. उपकरणांच्या बाबतीत उलट: दोनदा चुकीच्या जागी धावलेली सिस्टर तिसऱ्यांदा डॅशबोर्ड उघडतच नाही आणि पूर्वीसारखाच एक पंप कपाटात लपवून ठेवते. पंप लपवणं कमी झालं की यंत्रणेवर विश्वास बसला असं समजा. माझ्या मते कुठल्याही टक्केवारीपेक्षा ही खूण भरवशाची.

निगेचं काम कुणा एकाच्या नावावर हवं. चोवीस तासांत ऐकू न आलेल्या टॅगची यादी रोज सकाळी, बॅटरी उतरलेल्यांची आठवड्यातून एकदा. वॉर्डात नवीन पार्टिशन आलं, स्टीलचं कपाट हललं, अ‍ॅक्सेस पॉइंट बदलला की त्या भागाची भिंतीची चाचणी पुन्हा. सर्व्हर बंद पडला तर संपर्क कागदावर कसे लिहायचे त्याचा छापील तक्ता प्रत्येक नर्सिंग स्टेशनला ठेवा.

महिन्यातून एकदा, नुकताच डिस्चार्ज झालेला कुठलाही एक रुग्ण निवडा आणि त्याला संसर्ग होता असं धरून संपर्कांची पूर्ण यादी काढा. यादी बाहेर यायला किती मिनिटं लागली ते लिहा. मग ती ड्यूटी चार्ट, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर आणि वॉर्डाच्या सिस्टरची आठवण यांच्याशी ताडून पाहा. जो माणूस तिथे असल्याचं सगळे सांगतात पण यादीत नाही, त्याचा टॅग त्या दिवशी कुठे होता ते शोधा.